जे झोंबत नाही त्याला अधिक जपा : गॅरेजमधील घातक रसायने

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चारचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. मिस्त्री धरून पाच जण कामाला आहेत आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंग चालते. गेल्या महिन्यात बॅटरीत ॲसिड भरताना एका मुलाच्या डोळ्यात शिंतोडा उडाला. डोळा वाचला, पण मालक धास्तावले आहेत. ॲसिड, पेट्रोल, थिनर, ऑइल हे सगळे रोज हाताळावे लागते आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरसारखा खर्च परवडत नाही. अशा वेळी नेमके काय करावे आणि त्या मुलाला पुन्हा बॅटरीच्या कामावर घ्यावे का, असे ते विचारतात.

मी ३१ वर्षे या धंद्यात आहे. हेल्पर म्हणून सुरुवात केली, पुढे फिटर झालो, नंतर वर्कशॉप सांभाळले आणि आता नव्या मुलांना काम शिकवतो. या काळात एक गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसली आहे. ज्या वस्तू झोंबतात, भाजतात किंवा नाकाला सहन होत नाहीत त्यांना गॅरेजमध्ये सगळेच जपून असतात. ॲसिडचा कॅन कोणी पायाने सरकवत नाही. परंतु माझ्या पाहण्यात ज्यांचे आयुष्यभराचे नुकसान झाले, त्यांतील बहुतेकांना ते अशा वस्तूंनी झाले, की त्या अंगात शिरल्याचे त्या दिवशी त्यांना कळलेसुद्धा नाही. म्हणून तुमच्या ॲसिडबद्दल आधी सांगतो, पण तेवढे वाचून थांबू नका अशी विनंती आहे.

बॅटरीतील ॲसिड म्हणजे पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, साधारण १.२८ असते आणि हे तयार ॲसिड बाजारात मिळते. तीव्र गंधकाम्ल आणून गॅरेजमध्ये पाणी मिसळण्याची पद्धत काही ठिकाणी अजून दिसते, ती तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. मिसळणे अगदीच टळत नसेल तर पाण्यात ॲसिड हळूहळू सोडावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. ओतले तर वरचे पाणी जागच्या जागी उकळते आणि ॲसिडसकट तोंडावर उडते. भरणाऱ्याच्या डोळ्यांवर कडेने पूर्ण बंद असलेला गॉगल हवा. ग्राइंडिंगला वापरतो तो साधा चष्मा बाजूने उघडा असतो आणि शिंतोडा नेमका तिथूनच आत जातो. हातात रबरी किंवा पीव्हीसीचे मोजे हवेत आणि पुढे प्लॅस्टिकचा एप्रन हवा. सुती पँटीवर पडलेला थेंब त्या वेळी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पँट धुतली की तिथे चाळणीसारखी भोके पडतात. तुमच्या मुलांच्या पँटी एकदा नीट पाहा, म्हणजे रोज किती ॲसिड उडते याचा अंदाज तुम्हाला येईल.

डोळ्यात ॲसिड गेल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत जे होते त्यावर डोळा वाचणे अवलंबून असते. पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धूत राहावे आणि त्यानंतर बरे वाटत असले तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दूध, तूप, खाण्याचा सोडा यांतले काहीही डोळ्यात घालू नये. सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे. आता एक प्रयोग करा. बॅटरीच्या टेबलाजवळ उभे राहा, डोळे घट्ट मिटा आणि कोणाच्याही मदतीशिवाय नळापर्यंत पोचून दाखवा. वाटेत जॅक आडवा आला, टायर पायाला लागला किंवा नळ सापडलाच नाही, तर टेबल किंवा नळ यांपैकी एकाची जागा बदला. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार जवळ ठेवून भागेल असे पुष्कळांना वाटते. डोळे धुण्यासाठी मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी लागते, म्हणजे तो जार भरलेला असला तरी १५ मिनिटे पुरत नाही. टाकीला जोडलेला, मऊ धारेचा, एका हाताने उघडणारा नळच हवा. हा खर्च थोडा आहे आणि तो सगळ्यात आधी करा.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो केवळ ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होतो. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेच्या कोपऱ्यात ठेवा, आधी चार्जर बंद करा आणि मगच चिमटे काढा. गाडीतून बॅटरी काढताना निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा आणि बसवताना ते शेवटी लावा.

ॲसिडच्याच कुळातला पण स्वभावाने उलटा असा एक पदार्थ तुमच्याकडे कदाचित असेल. अलॉय व्हील किंवा ॲल्युमिनियम चकचकीत करणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते पातळ असेल तर हाताला लागल्यावर काहीच वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, हाडात शिरल्यासारखी वेदना सुरू होते, कारण ते कातडीतून आत उतरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे लागते आणि डॉक्टरांना कारण सांगितल्याशिवाय ते सुचणे कठीण असते. माझे मत स्पष्ट आहे : लहान गॅरेजमध्ये हे द्रावण आणूच नये. साबणाचे पाणी आणि ब्रश यांनी चाक पुरेसे स्वच्छ होते.

आता पेट्रोल. पेट्रोलला वास आहे, त्यामुळे ते आपल्याला सावध करते असे आपण मानतो, पण हा भरवसा कसा फसतो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९९८ च्या पावसाळ्यात मी जिथे फिटर होतो तिथे, गाडीखाली उतरून काम करायला खणलेल्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या गाडीची टाकी उतरवताना दीड-दोन लिटर पेट्रोल खाली सांडले. आम्ही पोत्यांनी टिपून घेतले, दहा-पंधरा मिनिटे थांबलो, वर उभे राहून वास घेतला आणि वास गेला असे एकमेकांना सांगितले. माझा सहकारी हातदिवा घेऊन खड्ड्यात उतरला. दिव्याचा बल्ब पायरीच्या कडेला लागून फुटला आणि क्षणात कमरेएवढी ज्वाळ उठली. तो वाचला, पण तीन महिने अंथरुणावर होता आणि त्याच्या पायांवरची कातडी पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर येत नाही, पाण्यासारखी खड्ड्यात साचून राहते. वर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला जे कळत नाही ते खाली उतरलेल्याच्या पोटरीपाशी असते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले की ठिणगी पुरते आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय होत असेल, याचा विचार करा.

म्हणून टाकीचे किंवा फ्युएल लाइनचे काम खड्ड्यावर करू नका. गाडी मोकळ्या जागेत घ्या, बॅटरी आधी सोडा आणि त्या वेळी आसपास ग्राइंडर, वेल्डिंग आणि बिडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवा. काचेच्या बल्बचे हातदिवे काढून टाका आणि बंद आवरणाचे, बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे आणा. खड्ड्यात सांडलेच, तर वाफ बाहेर काढायला तिथे घरगुती पंखा सोडू नका, त्याच्या मोटरमध्येच ठिणगी असते. ताजी हवा लांबवर ठेवलेल्या ब्लोअरने पाइपातून खड्ड्याच्या तळाशी सोडा. पेट्रोल धातूच्या, घट्ट बुचाच्या कॅनमध्येच ठेवा. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये प्लॅस्टिकच्या फनेलने भराभर ओतताना स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगीही पुरेशी असते. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येते आणि तेही काचेचे भांडे असेल तर १ लिटरपर्यंतच्या व धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतच्या भांड्यात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली या हिशेबात बसतच नाही.

तोंडाने नळी ओढून टाकी रिकामी करण्याची सवय मात्र कोणतीही सूट न देता मोडा. हातपंप शे-दोनशे रुपयांत मिळतो. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात गेलेले दोन थेंब जास्त घातक असतात. म्हणूनच कोणी पेट्रोल, डिझेल किंवा थिनर गिळले तर त्याला उलटी करायला लावू नये. उलटीबरोबर तेच द्रव श्वासनलिकेत उतरते. तोंड धुवा आणि थेट दवाखान्यात न्या.

संध्याकाळी हात पेट्रोलने धुणे ही या धंद्यातली सर्वांत जुनी चूक आहे आणि ती मीही सात-आठ वर्षे केली. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. बीएस-६ च्या पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा १ टक्का आहे, पण रोज दोन्ही हात त्यात बुडवणाऱ्याला ती मर्यादा वाचवत नाही. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. शिवाय पेट्रोल कातडीतले नैसर्गिक तेल काढून घेते, हाताला भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढचे सगळे आत जाते. यावर उपाय आपल्या घरातच आहे. थोडे खोबरेल तेल हातांवर दोन मिनिटे चोळा, काळा ग्रीस सैल होतो. कापडाने पुसा आणि मग साबणाने धुवा. कामाआधी नायट्राइलचे मोजे घातले तर तेवढेही करावे लागत नाही. डॉक्टर वापरतात ते लेटेक्सचे मोजे ऑइल-पेट्रोलने फुगून फाटतात, ते घेऊ नका.

काळे ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेले जळके ऑइल, मऊ लागते आणि झोंबत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. इंजिनातल्या ज्वलनातून त्यात बहुचक्रीय हायड्रोकार्बन उतरलेले असतात आणि त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्राच्या तेलाने भिजलेल्या पँटी घालून वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होत असे, ही वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. आपल्याकडे ऑइलने निथळणारा बनियन वेस्टचा, म्हणजे पुसायच्या चिंधीचा, तुकडा पँटीच्या मागच्या खिशात खोचून फिरण्याची सवय प्रत्येक गॅरेजमध्ये दिसते. तो तुकडा खिशात नको, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हवा. ऑइलने माखलेले कपडे रोज बदलावेत आणि घरच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत.

हे ऑइल कोणाला द्यायचे, हेही नीट ठरवा. सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासायला किंवा भट्टीत जाळायला मागणारे लोक दारात येतात आणि रोख पैसे देतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल घातक कचरा म्हणून नोंदलेले आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते आणि ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नसते. अशा अधिकृत संस्थांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. एकट्या गॅरेजचे दोन पिंप घ्यायला गाडी येत नसेल, तर गावातल्या सात-आठ गॅरेजवाल्यांनी एक दिवस ठरवून एकत्र बोलवावी. गटारात एक मगसुद्धा ओतू नका. ते गटार शेवटी ओढ्याला आणि नदीलाच मिळते. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करा.

तुमच्या पत्र्याच्या शेडची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. टू-के रंगात, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या दोन भागांच्या रंगात, घालतो त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. थिनरचा वास येतो, डोके जड होते, माणूस बाहेर येतो. आयसोसायनेटचा वास मात्र नाकाला कळेपर्यंत त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी वर गेलेले असते. त्याने दमा होतो आणि तो फसवा असतो : फवारणीच्या वेळी काही होत नाही, रात्री खोकला येतो, छाती घट्ट होते, सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर आल्यावर पुन्हा सुरू होते. एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की पुढे अगदी अल्प प्रमाणही झटका आणते आणि अनेकदा त्या माणसाला रंगाचे काम कायमचे सोडावे लागते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका उत्तम पेंटरने, ज्याच्या हाताच्या मेटॅलिक फिनिशला जोड नव्हती, चाळिशीतच हा धंदा सोडला. शेजारच्या शेडमध्ये कोणी हार्डनरचा डबा उघडला तरी त्याला श्वास लागत असे. तो तोंडाला ओला रुमाल बांधून फवारत असे. रुमाल, कापडी मास्क आणि एन-९५ हे तिन्ही वाफ अडवत नाहीत. कार्बनचे काडतूस असलेला मास्क थिनरच्या वाफेसाठी उपयोगी आहे, पण आयसोसायनेटच्या बाबतीत काडतूस संपल्याचे वासावरून समजत नाही, म्हणून टू-केसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच योग्य. ती हवाही गाळण्या लावून तेल आणि धूर काढलेली असली पाहिजे. फवारणी थांबल्यावर तुषार दिसेनासे होतात, पण हवेत असतात. त्यामुळे शेडमध्ये असताना मास्क काढू नये आणि हेल्परला उघड्या तोंडाने पाहत उभे करू नये.

हे सगळे तुम्हाला आज शक्य नसेल, तर टू-केचे काम जिथे चांगला पेंट बूथ आहे तिथे पाठवा आणि तुमच्याकडे फक्त डेंटिंग, पुट्टी आणि घासकाम ठेवा. कमाई थोडी कमी होईल हे मला माहीत आहे, तरीही माझा सल्ला हाच आहे. तुमच्या पेंटरला मात्र आजच विचारा की रात्री खोकला येतो का. येत असेल तर त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा आणि हार्डनरचा डबा बरोबर द्या.

ब्रेकच्या कामात दोन गोष्टी सांभाळा. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या आणि हलक्या प्रतीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात वीस-तीस वर्षे गप्प बसून मग आजार देतात. पाणी फवारून ओली करा, ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. दुसरे, ब्रेक क्लीनरच्या डब्यावर टेट्राक्लोरोइथिलीन किंवा परक्लोरोइथिलीन असे नाव असेल, तर त्याने धुतलेल्या भागावर किंवा त्याच्या जवळ वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या ज्वाळेने त्यापासून फॉस्जीन हा वायू तयार होतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता आणि त्याचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो. क्लोरीन नसलेला क्लीनर घ्या, मात्र तो पेट घेतो हे विसरू नका.

पावसाळ्यात शटर अर्धे ओढून आत इंजिन चालू ठेवणे टाळा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. एकाच वेळी दोघांचे डोके दुखू लागले तर चहा मागवू नका, सगळ्यांना बाहेर काढा. सायलेन्सरला उष्णता सोसणारी नळी लावून धूर भिंतीबाहेर सोडला की हा प्रश्न सुटतो.

इंजिन थंड ठेवणारे कूलंट गोडसर असते आणि विषारी असते. उघड्या टबमध्ये ठेवले तर गल्लीतले कुत्रे पितात आणि मरतात, लहान मूलही पिऊ शकते. ब्रेक ऑइल रंग उतरवते आणि डोळ्यात जळजळते. एसीचा गॅस हवेत सोडू नये आणि उघड्या पाइपासमोर हात धरू नये. आर-१३४ए हा एसीचा गॅस उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडी गोठवतो.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे डब्यांवरची नावे. आज संध्याकाळी फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली उतरवा. कोल्ड्रिंकच्या आणि पाण्याच्या बाटल्यांत भरलेले जे जे निघेल ते योग्य डब्यात घाला, त्यावर मार्करने मराठीत ठळक नाव लिहा आणि ज्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही ते वापरू नका. उन्हातून आलेला तहानलेला मुलगा पाण्याची बाटली दिसली की तोंडाला लावतो, वास घेत नाही. रंग आणि रसायने देणाऱ्या विक्रेत्याकडून प्रत्येक वस्तूचे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. ते सोळा भागांचे असते. चौथ्या भागात प्रथमोपचार आणि आठव्या भागात कोणते मोजे व मास्क वापरावेत ते दिलेले असते. तेवढी दोन पाने मराठीत लिहून भिंतीवर लावा. आगीसाठी ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दरवाजाजवळ हवा, आगीच्या संभाव्य जागेजवळ नको, आणि वाळूच्या बादल्या भरलेल्या हव्यात. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नये, कारण ते पाण्यावर तरंगत जळत पुढे जाते.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. डोळ्यांच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर त्याला बॅटरीच्या कामावर अवश्य घ्या, तो १८ वर्षांखालचा असेल तर मात्र नको. त्याआधी नळ बसवा, गॉगल आणा आणि पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः गॉगल घालून उभे राहा. अपघाताच्या वेळी नळापर्यंत कोण घेऊन गेले आणि किती वेळ लागला, हे त्यालाच विचारा. टेबलाची जागा ठरवायला तो आता तुमच्या गॅरेजमधला सर्वांत योग्य माणूस आहे.